माफीनाम्यापासून सुरू होणारा धडा

मुद्रणावरील सरकारी बंधने आणि ती चुकवून चालणारे गुप्त प्रकाशन हा विषय मुलांना शिकवताना आरंभ बहुधा लोकमान्य टिळकांच्या १९०८ सालच्या खटल्यापासून होतो. परंतु जबलपूरच्या उत्तरेस सिहोऱ्याच्या वाटेवर असलेल्या पनागरच्या विद्यार्थ्यांना, आणि जबलपूर परिसरातील मराठी घरांतल्या मुलांना तर विशेषच, माधवराव सप्रे यांचे उदाहरण अधिक जवळचे ठरावे. शेजारच्या दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली मराठी कुटुंबात जन्मलेल्या सप्र्यांचे काही शिक्षण जबलपुरातच झाले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला.

ऑगस्ट १९०८ मध्ये भारतीय दंडविधानाच्या १२४अ कलमाखाली, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरवल्याच्या आरोपावरून, त्यांना अटक झाली आणि काही महिन्यांनी, कुटुंबीयांच्या दडपणामुळे असे सांगितले जाते, माफीनामा लिहून देऊन ते सुटले. चरित्रकारांना अवघड वाटणारा हा प्रसंग अध्यापनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचा आहे, कारण सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या टिळकांपुढे विद्यार्थी नतमस्तक होतो, तर सप्र्यांपुढे त्याला विचार करावा लागतो. मनस्तापाने सार्वजनिक जीवनातून काही काळ दूर गेलेल्या सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ हिंदीत आणला, टिळकांच्याच ‘गीतारहस्या’चा त्यांचा हिंदी अनुवाद १९१६ साली प्रसिद्ध झाला आणि १९२० साली जबलपुरातून माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘कर्मवीर’ साप्ताहिकाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

बंदी म्हणजे पुस्तकांची होळी, अशी कल्पना मुलांच्या मनात असते, परंतु प्रत्यक्षात बंदीचे बरेचसे काम कचेरीतील कागदांवरच उरकत असे. १८६७ च्या कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे, त्यामुळे छापील मजकुरामागचा जबाबदार माणूस सरकारला आधीच ठाऊक असे. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन, म्हणजे सरकारजमा होऊ शकणारी अनामत रक्कम, मागण्याची सोय केली. ती जप्त झाल्यावर छापखाना पुन्हा चालवायचा तर १,००० ते १०,००० रुपये भरावे लागत आणि त्यानंतरही आक्षेपार्ह मजकूर निघाल्यास यंत्रच जप्त होऊ शके. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्याने लेखातील ओळ खोडण्याआधी छापखान्याचा मालकच ती खोडत असे. आणि या भीतीची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही, हीच इतिहासकाराची अडचण आहे.

यातून पळवाटा निघाल्या. १९०९ साली प्रकाशनापूर्वीच बंदी आलेला सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ परदेशी इंग्रजीत छापून चोरवाटेने भारतात आणला गेला. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, प्रकाशनपूर्व तपासणी सक्तीची झाल्यावर भूमिगत पत्रके सायक्लोस्टाइलवर निघत: मेणाचा थर असलेल्या कागदावर टंकयंत्राने अक्षरे कोरायची आणि त्या छिद्रांतून शाई झिरपवून प्रती काढायच्या. शाळांच्या प्रश्नपत्रिका ज्या यंत्रावर निघत तेच हे यंत्र असल्याने ते जवळ बाळगण्यात संशयास्पद असे काही नव्हते, आणि जुन्या शाळेच्या अडगळीत ते अजून सापडल्यास शिक्षकाला याहून चांगले साधन मिळणे कठीण.

आणीबाणीतील सर्वांत गाजलेल्या निकालालाही जबलपूरचेच नाव आहे. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारला; विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते, तर बहुमतात यशवंत विष्णु चंद्रचूड होते. त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड ज्या नऊ सदस्यांच्या पीठावर होते, त्या पीठाने २०१७ साली तो निकाल चुकीचा ठरवला.

जुनी वृत्तपत्रे जपणारे भोपाळचे संग्रहालय १९८४ साली स्थापन झाले आणि माफीनामा लिहून देणाऱ्या त्या संपादकाचेच नाव त्याला देण्यात आले.