पडलेल्यांसाठी उघडे दार

गोठ्यातील बालकाचा देखावा आणि देवळातील घंटानाद आता सर्वांच्याच परिचयाचे झाले आहेत. परंतु पहिली दोन शतके ज्यांनी हा धर्म जतन केला, त्यांच्यापाशी ना घंटा होती, ना शिखर. कोणाच्या तरी घरी ते जमत. रोममध्ये 25 डिसेंबरला नाताळ पाळला जात असल्याची नोंदसुद्धा चौथ्या शतकातली आहे.

इ. स. 112च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पाठविलेले पत्र आजही उपलब्ध आहे. या लोकांचा अपराध काय, याची चौकशी करता त्याच्या हाती लागले ते एवढेच: ठरलेल्या दिवशी ते उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी व व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, विश्वासाने सोपविलेली ठेव नाकारणार नाही, अशी शपथ वाहतात. खरे काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या दासी मंडळीत सेविकेचे पद सांभाळीत होत्या. काकडआरतीला पहाटे उठणाऱ्या घरांना या प्रभातप्रार्थनेचे मर्म निराळे सांगावयास नको.

मात्र सारेच धैर्याचे मेरू नव्हते, आणि मला तीच हकीकत अधिक मोलाची वाटते. सम्राट डेसियसच्या आज्ञेने 250 साली प्रत्येक प्रजाजनाला देवतांपुढे बळी अर्पून तसा दाखला घेणे भाग पडले. श्रद्धा हुकुमाने वदवून घेता येते, असे राज्यकर्त्यांना अनेकदा वाटत आले आहे! असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती कचरले. कोणी बळी दिला, कोणी पैसे मोजून नुसता कागद मिळविला. आजच्या ट्युनिशियातील कार्थेजचे बिशप सिप्रियन स्वतः अज्ञातवासात गेले व तेथून पत्रे पाठवीत राहिले. त्याबद्दल त्यांना बोलही ऐकावे लागले.

छळ ओसरला आणि पडलेले परत दाराशी आले. रोममधील नोव्हेशियन म्हणाला, यांना कदापि प्रवेश नाही. उलट, तुरुंग भोगून आलेले काहीजण सरसकट क्षमेच्या चिठ्ठ्या वाटू लागले. 251 साली कार्थेजच्या परिषदेने दोन्ही टोके टाळली. ज्याने कागद विकत घेतला आणि ज्याने बळी दिला, त्यांचा विचार वेगवेगळा झाला. अनुतापाला अवधी दिला गेला. अनुताप करणाऱ्याला मृत्युशय्येवर मात्र नाकारावयाचे नाही, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच प्रायश्चित्त करणाऱ्यांना मुदतीपूर्वीच आत घेण्यात आले. लढाईस निघालेल्यास निःशस्त्र कसे पाठवावे, असा त्यामागे विचार होता.

त्याच सुमारास शहरात भयंकर साथ आली. माणसे आप्तांना टाकून पळाली, प्रेते रस्त्यावर पडली. केवळ आपल्याच माणसांची सेवा करण्यात विशेष ते काय, असे सिप्रियन यांनी मंडळीला बजावले. श्रीमंतांनी द्रव्य दिले, गरिबांनी श्रम दिले, आणि छळणाऱ्यांनाही त्यातून वगळले नाही.

258 साली पुन्हा पकडण्याची वेळ आली, तेव्हा सिप्रियन पळाले नाहीत. 14 सप्टेंबरला वधस्थानी त्यांनी आपला झगा उतरविला आणि शिरच्छेद करणाऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी देण्यास आपल्या माणसांना सांगितले.