मीठ धुणाऱ्याची लेक

ख्रिस्ती सेवेचा आढावा लिहायला घेतला की लेखक स्कॉटिश मिशनपासून सुरुवात करतो. मीही करतो, पण लवकर आटपतो. 1823 साली पहिले स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. हर्णैला शाळा निघाल्या. 1829 साली जॉन विल्सन आले, मराठी शिकायला काही महिने आमच्याच कोकण किनारपट्टीवर राहिले आणि मुंबईला गेले. 1873 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळी रत्नागिरीत आली. पुढं मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांचं इस्पितळ उभं राहिलं. हे सगळं ग्रंथांत आहे आणि बरंचसं रुक्ष आहे. मिशनच्या वार्षिक अहवालांत करुणा शोधणं म्हणजे मामलेदार कचेरीत अत्तर शोधणं.

माझा प्रश्न गेली कित्येक वर्षं एकच आहे, आणि तो ऐकून ऐकून संपादक मंडळी कंटाळली आहेत. उपाशी पोर दारात आलं, तेव्हा त्याला कुठं बसवलं, काय वाढलं आणि पुढं कोणतं काम शिकवलं?

या कसोटीला पंडिता रमाबाई पुरून उरतात. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वणवण करताना त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. म्हणून 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा पत्रकं काढत न बसता बाई स्वतः तिकडं गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या जणींना ठेवायची सोय नाही. मग केडगावच्या माळावर राहुट्या पडल्या आणि तिथंच ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. 1900च्या सुमारास तिथं शेकड्यांनी माणसं जेवत होती. मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावातच छापलं गेलं; 1922 साली बाई गेल्या आणि 1924 साली ते बाहेर आलं.

इथं दोन बाजूंची माणसं माझ्यावर तुटून पडतात. एकजण म्हणतो, हे सगळं बाटवण्यासाठी. दुसरा रमाबाईंना अशी प्रभावळ लावतो की मूळ बाई दिसेनाशी होते. पहिल्याला मी देवरुखच्या गोदूबाईची आठवण करून देतो. बालविधवा गोदूबाई रमाबाईंनी 1889 साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. ती ख्रिस्ती झाली नाही. 1893 साली मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. दुसऱ्याला मी त्याच वर्षाची दुसरी बाजू सांगतो. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही, आणि केडगावला तर ती उघडच होती. ज्यांना खटकलं त्यांना खटकू द्यावं. पण मध्य प्रांतातल्या त्या पोरींना आणायला दुसरे किती जण निघाले होते, तेही मोजावं.

आता माझ्या लाडक्या विषयाकडं येतो. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लोक हसण्यासाठी वाचतात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांनी तर तिला विनोदी आजीबाई करून टाकलं आहे. या बाईचे वडील सोवळ्यानं इतके पछाडलेले, की घरात आलेलं मीठ-साखरसुद्धा धुवून घेत. नवरा नारायण वामन टिळक, दापोली तालुक्यातल्या करजगावचा कवी, 1895 साली ख्रिस्ती झाला. बाई काही वर्षं वेगळी राहिली. पुढं नगरला आली ती सोवळं घेऊनच. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. हळूहळू तिच्याच मनानं तिला विचारलं, देवानं ही जात केली कधी? 1900 साली तिनं बाप्तिस्मा घेतला.

त्याच सुमारास नगर भागात मोठा दुष्काळ होता. मीठ धुणाऱ्याची लेक कुणाकुणाच्या पोरांना एका पंगतीत वाढू लागली. या घराला पैशाची चणचण कायमची. टिळकांच्या हातात रुपया टिकत नसे, आणि बाई त्यावरून त्यांना बोलायलाही कमी करत नसे. तरी घर अनाथ मुलांनी, विद्यार्थ्यांनी भरलेलं. प्लेग आला तेव्हा लोक शहर सोडून पळत होते आणि ही बाई मिशनच्या शाळेतल्या मुलींची शुश्रूषा करत होती. त्याच घरात बालकवी ठोंबरे राहून गेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांना कुणी केलंही नाही. प्रवचनं टिळकांनी दिली, पण ताटं लक्ष्मीबाईंनी मांडली, आणि माझ्या लेखी त्या घराचं खरं चर्च स्वयंपाकघरातच होतं. पंडितांना हे पटत नाही. त्यांना ‘ख्रिस्तायन’ या काव्याची चर्चा हवी असते, कढईची नको.

आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत माझ्या लहानपणी एक बाई होत्या, मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. बोटीची वाट बघत जेटीवर बसलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना त्या पेज पाजत. कुणी विचारलं तर म्हणत, “मला कुणी विचारलं न्हवतं, मी कशाला विचारू?” वसतिगृहात त्यांना धान्य निवडणं, शिवण, हिशोब हे सगळं शिकवलं होतं. कमाई लहान होती, पण कुणाच्या दारात उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आज संस्था पुष्कळ आहेत, पैसाही येतो. पण देणाऱ्याला आता मुलाचा फोटो लागतो. दिवाळीला, नाताळला मुलं रांगेत उभी करून हातात खाऊची पिशवी देतात, मोबाईल वर धरतात आणि “थँक्यू म्हणा” सांगतात. अशा एका कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. एक मुलगा फोटोत तोंड फिरवत होता, त्याला चारचौघांत रागावलं गेलं. मी भाषण न करता खाली उतरलो. यात ख्रिस्ती, हिंदू, सरकारी असा भेद नाही, सगळे सारखेच बिघडले आहेत. केडगावच्या मुलींचे फोटो परदेशातल्या देणगीदारांसाठी काढले जातच होते, असं कुणी मला सुनावेल. काढले जात होते. पण त्या मुली तिथं हातमाग चालवत होत्या, खिळे जुळवत होत्या. आजच्या मुलाच्या हातात खाऊची पिशवी उरते.

या दिवाळीत एखाद्या बालगृहाला काही देणार असाल, तर दोन गोष्टी करा. पैसे किंवा धान्य कार्यालयात देऊन फोटो न मागता परत या. आणि मुलांना तिथं कोणतं काम शिकवतात, एवढं मात्र नक्की विचारा.