झाड ठेवा, दिवा खाली घ्या

रात्री साडेदहाला मुलुंड पूर्वेला उतरलं की मला घरी जायला दोन रस्ते आहेत. जवळच्या रस्त्याला लांबच लांब भिंत, तिला लागून डोक्याच्या वर गेलेली मेंदी आणि बोगनवेल. लांबच्या रस्त्याला दोन्हीकडे जुने रेन ट्री. पाय दुखत असले तरी मी लांबच्यानेच जाते. हिरवं दोन्हीकडे आहे, पण मेंदीपलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही. रेन ट्रीचं खोड मोकळं, फांद्या वर. समोरचं वळण थेट दिसतं. शिवाय बुंध्याशी इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड, वडापावची गाडी. दिवसा सावलीला जमलेला हा राबता रात्री उशिरापर्यंत हलत नाही. जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेने 1961मध्ये 'रस्त्यावरचे डोळे' म्हटलं, ते हेच. आपल्या गावातला पार दुसरं काय करतो?

झाडी म्हणजे चोरांना आडोसा, हा समज पक्का आहे. पण शिकागोच्या एका सरकारी वसाहतीत 2001च्या अभ्यासात उलटंच दिसलं. भरपूर झाडं-हिरवळ असलेल्या इमारतींजवळ, उजाड इमारतींच्या तुलनेत, गुन्ह्यांची नोंद निम्म्याहून कमी होती. पोर्टलंडच्या 2012च्या अभ्यासात मात्र एक मेख आहे: रस्त्यावरची मोठी झाडं असतील तिथे गुन्हे कमी, घराची नजर अडवणारी बुटकी झाडं असतील तिथे जास्त.

खरी अडचण दिव्याची. खांबावरचा दिवा फांद्यांच्या आत असला तर उजेड पानांवर, अंधार फुटपाथवर. त्यात उपनगरांत झाड महापालिकेच्या उद्यान विभागाचं, दिवा मुलुंडला महावितरणचा, अंधेरी-बोरिवलीला अदानीचा. पावसाळ्याआधीची छाटणी होते ती झाड पडू नये म्हणून. दिव्याचा विचार त्यात आला तर नशीब.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये रस्त्यावरच्या रेन ट्रीचा विषय निघाला, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अंधार होतो हो, काढूनच टाका ते झाड." म्हटलं, काकू, 1975चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि लावायचा तरी कशाला? अर्ज करू, त्यात लिहूया : खालच्या फांद्या उचला, दिवा फांदीच्या खाली घ्या, भिंतीलगतची झुडपं कमरेएवढी ठेवा. एकाच बाजूने झाड बोडकं मात्र करू नका, तोल जातो.

काकूंनी सही केली. "झाड राहू दे," म्हणाल्या, "पण त्या रिक्षावाल्यांचे हॉर्न बंद होतील, असंही लिहा की त्यात."