आधी पोरांची पंगत

लहान मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा होते राइड्सची, दुसरी तिकिटांच्या दरांची आणि तिसरी हॉटेलची. जेवणाचा विषय कुणी काढलाच, तर ‘तिथं गेल्यावर बघू’ एवढ्यावर मिटतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बरोबर सहा-सात वर्षांखालचं मूल असेल, तर सहलीची आखणी दुपारच्या जेवणापासून सुरू करावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे बसून जेवायचं हे आधी पक्कं करावं आणि मग त्याच्या अलीकडे-पलीकडे राइड्स बसवाव्यात. लग्नकार्यात ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. मुहूर्त लांबो, वऱ्हाड उशिरा येवो, लेकराबाळांची पंगत आधी बसते. मोठ्यांचा सोहळा आणि लहानांची भूक एकमेकांना आडवी येऊ न देणं, हे तिथं यजमानाचं काम मानलं जातं. सहलीत यजमान आईवडीलच असतात. पण तिकिटं हातात पडली की ते स्वतःला पाहुणे समजू लागतात आणि व्यवस्था पार्कवर सोपवून देतात.

याचं कारण मुलाच्या शरीरातच आहे. लहान मुलाचं जठर लहान, यकृतातला साखरेचा साठाही बेताचा, आणि मेंदूची मागणी मात्र शरीराच्या मानाने मोठी. त्यामुळे दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जावं लागतं. तीन वर्षांचं पोर ‘मला भूक लागली’ असं दरवेळी सांगत नाही. ते पायातला बूट काढून फेकतं, रांगेतच बसकण मारतं, आणि घटकाभरापूर्वी ज्या मिकीसाठी हट्ट धरला होता त्याच्याकडे पाठ फिरवतं. थीम पार्कमध्ये तर साडेबारा ते दोन या दीड तासात तीन गोष्टी एकदम अंगावर येतात: खाद्यगृहांतली सगळ्यात मोठी गर्दी, सगळ्यात कडक ऊन आणि मुलाच्या दुपारच्या झोपेची वेळ. हा दीड तास चुकवायचा असेल, तर जेवण अकरा-साडेअकरालाच व्हायला हवं. साडेबाराला बाकीचे लोक ताटासाठी रांगेत उभे असतात, तेव्हा आपलं लेकरू हात धुऊन बाबागाडीत पेंगत असावं. जेवणाच्या आरक्षणाचा खरा लाभ हाच. पदार्थांची चैन त्यानंतरची.

वर्धा जिल्ह्यातून निघणाऱ्यांसाठी जवळचे पर्याय थोडक्यात सांगतो. हिंगणघाट तर हैदराबादच्या महामार्गावरच वसलेलं आहे. त्यामुळे १९९६ पासूनची रामोजी फिल्म सिटी इकडच्या कुटुंबांच्या नेहमीच्या यादीत असते. तिथल्या काही पॅकेजांत जेवण धरलेलं असतं, काहींत नसतं, आणि हा फरक तिकीट काढतानाच पाहायला हवा. मुंबईच्या बाजूला खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका आहे. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने वर्धा सोडलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला उतरतं. मुलाचं दूध-बिस्किट तिथंच उरकतं आणि पार्कची दारं उघडून आत पाऊल पडेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागलेली असते. तेव्हा अशा दिवशी पहिली राइड नव्हे, पहिलं जेवण गाठावं. तिकिटासोबत जेवणाचं कुपन घेतलं म्हणजे काम झालं, असंही समजू नये. कुपन म्हणजे पैसे भरल्याची पावती. गर्दीत खुर्ची मिळेल याची हमी त्यात नसते. येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर गाडी घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, गाड्या सुसाट धावू लागल्या, पण वाटेत खाण्यापिण्याच्या सोयी नाहीत ही तक्रार पुढे बराच काळ चालू राहिली. वेग वाढला तरी मुलाच्या पोटाचं घड्याळ जुनंच राहतं. आपल्या सेलू तालुक्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पातही तोच हिशेब. पहाटेच्या सफारीत जिप्सी जंगलात शिरली की खायला काही मिळण्याची सोय नाही, म्हणून परतल्यावरचं जेवण मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.

आता ज्या ठिकाणी जेवणाच्या आरक्षणाचं अख्खं शास्त्रच तयार झालं आहे, तिकडे वळतो: अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. वर्धा, पुलगाव, आर्वीकडची कितीतरी मुलं-मुली आज तिकडे नोकरीला आहेत. आईवडील नातवंडांना भेटायला जातात, तेव्हा एकदा ऑर्लँडोची फेरी घडतेच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेल्या या नगरीत आज चार मोठी थीम पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. टेबलावर वाढून देणाऱ्या बहुतेक रेस्टॉरंटांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १८० दिवसांची होती. म्हणजे पुढच्या सहामाहीत अमुक मंगळवारी रात्री आपल्याला काय खावंसं वाटेल, हे लोकांना आत्ताच ठरवावं लागे. २०२० नंतर ती ६० दिवसांवर आली आणि माझ्या मते हा बदल लहान मुलांच्या घरांना फार सोयीचा ठरला. सहा महिन्यांत मूल बदलतं. वरणभाताशिवाय काही न खाणारं पोर तोवर पोळी कुरतडू लागतं. दोन महिन्यांचा अंदाज मात्र बांधता येतो. योगायोग असा, की आपल्या रेल्वेनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आणली. सुट्टीच्या दिवसांत सकाळी आठच्या ठोक्याला तिकिटासाठी फोन हातात धरून बसणाऱ्या वर्धेकराला डिस्नेची रीत परकी वाटण्याचं कारण नाही.

या रीतीत बारकावे आहेत, आणि मला त्यांचंच मोठं कौतुक आहे. डिस्नेच्याच हॉटेलात मुक्काम असेल, तर पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी मुक्कामातल्या पुढच्या दहा दिवसांपर्यंतची आरक्षणं एकाच बैठकीत करता येतात. म्हणजे पाचव्या दिवसाचं टेबल आपल्याला ६४ दिवस आधी मिळू शकतं. ज्या जागेसाठी झुंबड उडते, तिचं जेवण मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांकडे सरकवलं तर ते मिळण्याची शक्यता वाढते, ती यामुळेच. मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल किंवा कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज ही अशी ठिकाणं. तिथं मिकी किंवा राजकन्या स्वतः टेबलापाशी येतात. बाहेर त्याच मिकीला भेटायला रांग लावावी लागते; इथं मुलाच्या तोंडात घास आणि समोर मिकी, अशी दोन कामं एका बैठकीत उरकतात. अशा जेवणाचे पैसे जास्त पडतात, पण वाचलेली रांगही त्याच किमतीत धरली पाहिजे. आरक्षण म्हणजे ठरावीक टेबल राखून ठेवणं नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. त्या वेळेच्या सुमारास रिकामं होणारं पुढचं टेबल आपल्याला मिळतं. त्यामुळे आरक्षण असूनही थोडा वेळ ताटकळावं लागतं. हे गृहीत धरून मुलाला भूक लागण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीची वेळ घ्यावी. भूक लागल्यावरची कधीच नाही.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण सनाचं. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज भागात हे रेस्टॉरंट आहे. जेवणावर आफ्रिकी आणि भारतीय अशा दोन्ही चवींची छाप, आणि खिडक्यांबाहेर मोकळं माळरान. दिवसाउजेडी गेलं तर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. इथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. नानसारख्या भाकऱ्या-पोळ्या येतात आणि त्यांच्यासोबत रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, लोणचं अशा नऊ वाट्यांची आरास मांडली जाते. मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलापुढे बर्गर ठेवला तर ते वरचा पाव तेवढा खाऊन उठण्याची भीती असते. रायत्यात बुडवलेला नानचा तुकडा मात्र ओळखीचा असतो. आजीला शाकाहारी ताट मिळतं, नातवाला जिराफ मिळतो आणि आईला मुलाच्या मागे न धावता वीस मिनिटं बसायला मिळतं. हे ठिकाण पार्कच्या आत नसून हॉटेलात आहे, त्यामुळे ज्या दिवशी पार्कला सुट्टी द्यायची त्या दिवशी ते ठेवावं. पण अंधार पडल्यानंतरची वेळ घेऊ नये. जनावरं दिसेनाशी झाली तर या जेवणाची निम्मी गोडी गेली, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपण डबा नेणारी माणसं, दशम्या-धपाटे आणि चिवडा बरोबर असताना आरक्षणाचा खटाटोप कशाला? डब्याला माझा विरोध नाही, उलट तो हवाच. डिस्ने वर्ल्डमध्ये काचेची भांडी आणि दारू वगळता घरचं खाणं आत नेता येतं, तान्ह्या बाळाच्या खाण्याच्या लहान बरणीला तर काचेचीही सूट आहे. प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर असतं आणि तिथं मुलाला भरवायला उंच खुर्च्या आणि अन्न गरम करायला मायक्रोवेव्हही असतो. सगळीकडे अशी मोकळीक नसते. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यासाठी फाटकाबाहेर सहलीची जागा राखलेली आहे. आपल्याकडेही बऱ्याच पार्कांत बाहेरच्या खाण्याला मनाई असते. सिनेमागृहांपुरता निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी बाहेरचं खाणं रोखण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. पण लहान बाळासाठी पालकांनी नेलेलं माफक खाणं अडवू नये, हेही त्यात आलं. तो निकाल पार्कांविषयी नव्हता, पण त्यातलं शहाणपण फाटकावरच्या रक्षकाशी शांतपणे बोलताना उपयोगी पडावं. तरीही डबा पोट भरतो एवढंच. सावली, थंड हवा, पाठ टेकायला खुर्ची आणि जवळच स्वच्छतागृह या चार गोष्टी डब्यात भरून नेता येत नाहीत. ४५ अंशांचा मे महिना सोसणाऱ्या वर्ध्याच्या माणसाला त्यांचं मोल कळतं. ऑर्लँडोच्या उन्हाळ्यात वर दमटपणा आहे आणि दुपारी गडगडाटासह पाऊसही येतो. डबा दहाच्या आणि चारच्या भुकेसाठी ठेवावा, दुपारच्या बैठकीसाठी आरक्षण असावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूल नेमकं साडेअकराला झोपलं, तर ते आरक्षण आपल्याच गळ्यात पडणार नाही का? ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच दिवसाला एकच आरक्षण करावं. नाश्ता, दुपार आणि रात्र अशी तिन्ही जेवणं बांधून घेणारी कुटुंबं पार्कच्या या टोकाकडून त्या टोकाकडे घड्याळ बघत पळत राहतात. डिस्नेमध्ये बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत आरक्षण रद्द करता येतं. न कळवता गैरहजर राहिलं तर माणशी १० डॉलर कापले जातात. म्हणजे सकाळी साडेनऊला मुलाची लक्षणं पाहून साडेअकराचा निर्णय फिरवायला वाव आहे. आधी पैसे भरायच्या जागांची अट मात्र वेगळी असते, ती वाचूनच बटण दाबावं. खर्चाबद्दल म्हणायचं तर तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेश मोफत आहे आणि बुफेतही त्याचे पैसे लागत नाहीत. तीन ते नऊ वयाला मुलांचा दर लागतो. मुलाचा तिसरा वाढदिवस आणि सहल जवळजवळ येत असतील, तर तारीख ठरवताना हा हिशेब नक्की मांडावा. बाकीच्या जेवणांसाठी झटपट मिळणारी काउंटरं आहेत. तिथं फोनवरून आधीच ऑर्डर देता येते आणि थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो.

बरोबर आजी-आजोबा असतील, तर आरक्षणाला बसण्याआधी कालनिर्णय उघडावं. बुफेचे पैसे भरले आणि त्या दिवशी नेमकी एकादशी किंवा संकष्टी निघाली, तर आजीची फळांच्या चार फोडींवर बोळवण होते. आणि प्रत्यक्ष बटण दाबायचं काम आजोबांकडे द्यावं, असं मी आग्रहाने सुचवीन. ऑनलाइन आरक्षण फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे पहाटे सहाच्या सुमारास उघडतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलासाठी तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात, तर वर्ध्यात दुपारचे साडेतीन. मुलाने खात्याची सोय करून दिली, पसंतीची तीन ठिकाणं क्रमाने लिहून पाठवली आणि पर्यायी वेळाही सांगितल्या, की दुपारचा चहा होण्याआधी आजोबा काम फत्ते करू शकतात. जानेवारीतल्या सहलीसाठी आरक्षण करताना मात्र एक लक्षात ठेवायचं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर वर्ध्यातली वेळ साडेचारची होते.