आधी येईल त्याची ढोली

पोपट सहसा ढोली स्वतः कोरत बसत नाही. सुतारानं किंवा तांबटानं कोरून सोडलेली ढोली तो हेरतो आणि चोचीनं कडा कुरतडून तोंड आपल्या अंगाच्या मापाचं करून घेतो. झाड नसेल तर पडक्या वाड्याची, देवळाची, किल्ल्याच्या बुरुजाची भिंतही त्याला चालते. थंडी सरत आली की ही धावपळ सुरू होते. मादी ढोलीच्या तोंडाशी बसून डोळे फिरवते, मान गोलगोल डोलवते. नर एकेक पाऊल टाकत तिच्याकडे सरकतो, चोचीला चोच लावतो आणि पोटातलं अन्न वर काढून तिला भरवतो. अशा नराच्या गळ्यात गुलाबी-काळी कंठी असते, पण ती फुटायला त्याला तीनेक वर्षं लागलेली असतात. चारेक अंडी, सुमारे तीन आठवड्यांची उबवण आणि मग सहा-सात आठवडे पिल्लांची उठाठेव. एवढा सगळा काळ ती ढोली हातची जाऊ द्यायची नसते.

आपल्याकडे ही चढाओढ जुनी आहे. साळुंकीला ढोली हवी असते, पिंगळ्यालाही हवी असते. सापाला तर आतली अंडी हवी असतात. भांडण रोजचंच, पण भांडणारे सगळे एकमेकांना ओळखून आहेत आणि तांबट-सुतार दरवर्षी नव्या ढोल्या कोरत असतात. हीच सवय घेऊन पोपट परक्या मुलखात गेला तेव्हा काय झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आफ्रिकेचा सेनेगलपासूनचा पट्टा आणि पाकिस्तान, भारत, श्रीलंका हा या कंठीवाल्या पोपटाचा मूळ प्रदेश. आज तो लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, सेव्हिल अशा कितीतरी शहरांत वीण घालतो. ब्रिटनमध्ये त्याची वीण 1969 मध्ये केंट परगण्यात नोंदली गेली. ब्रसेल्समध्ये 1974 च्या सुमारास एका करमणूक उद्यानाच्या मालकानं चाळीसेक पोपट मोकळे सोडले. आज त्यांची संख्या हजारांत आहे. लंडनमधले पोपट गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं सोडले, अशी दंतकथा लोक आवडीनं सांगतात. 2019 मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून ती तपासली, पण तिला आधार सापडला नाही. खरं कारण साधं आहे: पिंजऱ्यासाठी लाखाच्या घरात पोपट युरोपात नेले गेले आणि त्यातले काही वर्षानुवर्षं इथून तिथून निसटत राहिले. त्यांचे जनुक तपासले तेव्हा ते मुख्यतः उत्तर भारत आणि पाकिस्तानातल्या पोपटांशी जुळले. पंजाबातली कडाक्याची थंडी सोसलेल्या या पाखरांना युरोपातल्या शहरांचा हिवाळा झेपला, त्यात घराघरांतल्या बागांमध्ये पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे आयते मिळाले.

आता पंचांगाचा मुद्दा. युरोपातले ढोलीत राहणारे बरेच पक्षी एप्रिलच्या आसपास घरट्याला लागतात. पोपट मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच ढोल्या अडवून बसतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. पोपटांच्या ढोल्यांची तोंडं त्यांनी मुद्दाम बुजवली. पोपट गप्प बसले नाहीत. त्यांनी नटहॅचच्या, म्हणजे आपल्याकडच्या शिलिंध्रीच्या भाऊबंदांच्या, ढोल्या बळकावल्या आणि तिथली नटहॅचची संख्या घटली. तरीही देशभराचा हिशेब मांडला तेव्हा तो पक्षीच संपेल असा धोका दिसला नाही. परका पक्षी आला म्हणजे सगळं बुडालं, असा आरडाओरडा म्हणूनच मला पटत नाही.

पण सेव्हिलची गोष्ट वाचून पोटात कालवाकालव होते. तिथल्या मारिया लुइसा उद्यानातल्या जुन्या झाडांच्या ढोल्यांमध्ये युरोपातलं सर्वांत मोठं वटवाघूळ, मोठं नॉक्ट्यूल, मोठ्या वसाहतीनं राहतं. मुळातच दुर्मीळ झालेला हा जीव. चौदा वर्षांत उद्यानातले पोपट वीसपट झाले आणि वटवाघळं राहत असलेल्या झाडांची संख्या 81 टक्क्यांनी घटली. ही नुसती गर्दीत जागा न मिळण्याची बाब नव्हती. पोपट ढोलीत शिरून वटवाघळांना चावत होते. चोचीच्या जखमा झालेली मेलेली वटवाघळं झाडाखाली सापडली. या वटवाघळांना अशा चोचीशी गाठ पडण्याची कधी सवयच नव्हती.

पोपटाच्या चोचीचा तडाखा आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र नवीन नाही. ज्वारीच्या ताटावर उतरलेला पोपट पाहा. चोच तिसऱ्या पायासारखी वापरत तो कणसापर्यंत चढतो, चार दाणे फोडतो, अर्धे खाली सांडतो आणि पुढच्या कणसावर जातो. खाल्ल्यापेक्षा नासाडी जास्त. म्हणून माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार लागतो. पेरू, डाळिंब, सूर्यफूल यांचीही तीच गत. इस्रायलमधले सूर्यफुलाचे आणि हवाईच्या कौआई बेटावरचे लिचीचे बागायतदार आज हीच तक्रार करतात.

या साऱ्यात पोपटावर राग काढणं मला अन्यायाचं वाटतं; त्याला पकडून परमुलखात नेलं ते माणसानं. भारतानं रानपाखरांच्या व्यापारावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंदी घातली. युरोपीय संघानं रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात 2007 मध्ये कायमची थांबवली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपल्याकडे हा पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, तरी चोरून विक्री चालते. पिल्लं काढायला ढोली फोडतात, कधी फांदीच तोडतात. पिल्लं तर जातातच, शिवाय पुढच्या कित्येक विणींची ढोलीही जाते आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला पिंगळाही बेघर होतो.

बेटांवर तर परका पक्षी नेण्याची चूक फारच महागात पडते. मॉरिशसचा स्वतःचा इको पोपट 1980 च्या दशकात जेमतेम दहा-वीस पक्ष्यांवर आला होता. कृत्रिम पेट्या आणि हातानं वाढवलेली पिल्लं यांच्या बळावर तो सावरला. तिथे बाहेरून आलेला आपला कंठीवाला पोपट ढोल्यांसाठी त्याच्याशी भांडतो, शिवाय चोच-पिसं झडवणारा विषाणू दोघांतही आढळतो. हे पाहून सेशेल्सनं वेळ दवडली नाही. माहे बेटावरचे पोपट प्रालँ बेटावरच्या दुर्मीळ काळ्या पोपटापर्यंत पोहोचण्याआधीच पाचशेहून अधिक पक्षी मारून हटवले गेले. हे वाचताना मन खट्टू होतं, पण तो निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. लंडनमध्ये हजारो जोड्या झाल्यावर तसा उपाय उरलेला नाही. तिथे हाती आहे ते एवढंच: जुनी, पोकळ झाडं धोकादायक म्हणून सरसकट तोडायची नाहीत आणि लहान पक्ष्यांसाठी पोपटाला शिरता येणार नाही इतक्या अरुंद तोंडाच्या पेट्या लावायच्या.