जमालपूरच्या वाटेवरची रात्र



या पानावर मी एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट असे विषय घेतो. या खेपेस लिहितोय ते माझ्या वडिलांच्या लढाईवर. आपल्या कार्यक्षेत्रात माजी सैनिकांची घरे थोडी नाहीत. गटात फिरताना ओसरीवर वर्दीतले फोटो दिसतात, चहा होतो, उसावर बोलणे होते आणि आपण पुढच्या प्लॉटला निघतो.

आमचे मूळ गाव कल्याण तालुक्यात. तिकडे ऊस नाही, भाताची खाचरे. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झाले, बेळगावच्या सेंटरात तयार झाले आणि पहिल्या बटालियनीत गेले. हीच ती १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत वॉचमनकी केली. आता पंचाहत्तरीला आलेत, धाकट्या भावाकडे डोंबिवलीलाच असतात. लढाईचा विषय आमच्या घरी निघत नसे.

गेल्या हंगामात ते आठ दिवस माझ्याकडे कॉलनीत राहिले. एका रात्री जवळचा फड पेटला. (जळक्या उसाचे तोटे मी इथे अनेकदा मांडले आहेत, आज ते राहू द्या.) पेटलेला ऊस कसा ताडताड फुटतो हे तुम्हांला सांगायला नको. त्या आवाजाने वडील उठून बसले. पाणी दिले, तर म्हणाले, “जमालपूरला असंच वाजत होतं.” आणि मग पहाटेपर्यंत बोलत राहिले.

साल १९७१. मेघालयाकडून आपली ९५ माउंटन ब्रिगेड पूर्व पाकिस्तानात उतरली. ४ डिसेंबरला कमालपूरचे ठाणे पडले. पुढे ब्रह्मपुत्रेपलीकडे जमालपूर, तिथे ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण खंदक खोदून बसलेली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून एका म्हाताऱ्या बंगाली माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली. उलट चिठ्ठी आली, तिच्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली! शिपायांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच माहीत, की नदी ओलांडून शहराच्या मागे जायचे आणि टांगाइलचा रस्ता अडवायचा.

पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. १० डिसेंबरच्या रात्री बलुच जमालपूर सोडून त्याच रस्त्याने निघाले. “हुकूम होता, अगदी जवळ येईस्तोवर कुणी गोळी झाडायची नाही. आम्ही बांधाआड पडून. त्यांचे बूट वाजत होते, कुणीतरी खोकत होता. माझं बोट ट्रिगरवर गारठलेलं. त्या खोकल्याचा मला राग आला, गप बस की रे, असं वाटलं.”

मग दोन्हीकडून सुरू झाले ते रात्रभर. बलुच पुन्हा पुन्हा चालून आले. वडिलांच्या शेजारी एलएमजीवर कोकणातला जोडीदार होता, तो पहाटेआधी गेला. त्याचे नाव वडील अजून घेत नाहीत. दर १० डिसेंबरला रात्री ते जेवत का नाहीत, हे मला यंदा कळले. “किती मारले ते विचारू नकोस. अंधारात माणूस दिसत नाही, नुसता आवाज असतो.”

उजाडले तेव्हा रस्त्यावर आणि कापलेल्या भाताच्या खाचरांत दोनशेहून जास्त बलुच मरून पडले होते. वडिलांना पंचनाम्यासारखे काम लागले, हत्यारे गोळा करायचे. “एकाच्या हाताला घट्टे होते. नांगराचे घट्टे मला कळतात रे. शेतकऱ्याचाच पोरगा तो.”

त्याच दिवशी जमालपूर पडले. दुपारी टांगाइलजवळ आपले छत्रीधारी उतरले, पलटण त्यांना जाऊन मिळाली, आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. ढाक्याचे वडील दोन वाक्यांत संपवतात. जमालपूरला मात्र त्यांचे बोलणे अडते.

मी त्यांना सांगितले, की त्याच जमालपूर जिल्ह्यात देवानगंजला साखर कारखाना आहे. त्यावर थोडे थांबून त्यांनी विचारले, “उतारा किती पडतो तिकडं?”

ज्या सभासदांच्या घरी १९६५ किंवा १९७१ चे जवान आहेत, त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव कळवावे. सांगायची त्यांची तयारी असेल तर मी वही घेऊन येतो. नोंदीच्या घाईत येणार नाही, लागणीची नोंद झाल्यावर सवडीने येईन.