घरातले पुढारी: नेत्यांच्या पत्नींच्या मराठी आठवणी

सार्वजनिक पुढाऱ्यांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींना मराठी वाचकाने शंभराहून अधिक वर्षे आवर्जून जवळ केले आहे. या प्रकारातले पहिले महत्त्वाचे पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. पुढे नेमस्त पुढारी सर मोरोपंत जोशी यांच्या पत्नी यशोदाबाई जोशी, कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या पत्नी उषाताई डांगे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी सविता ऊर्फ माईसाहेब आंबेडकर यांनी आपापल्या आठवणी लिहिल्या. चौघींचे काळ, पक्ष, जाती आणि लिहिण्यामागची कारणे वेगवेगळी आहेत. मात्र चारही पुस्तकांकडे वाचक प्रथम वळला तो नेत्याच्या नावामुळे.

या कुतूहलाचे साधारण तीन भाग पडतात. पहिला भाग साध्या उत्सुकतेचा: भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून दिसणारा माणूस घरी कसा वागत होता, काय खात होता, कशावर चिडत होता. दुसरा भाग पारखण्याचा: व्यासपीठावरून सांगितलेले तत्त्व त्याने स्वतःच्या घरात पाळले का. तिसरा भाग वादाचा: एखादा निर्णय किंवा मृत्यू याविषयी शंका उरलेल्या असतील, तर सर्वांत जवळच्या व्यक्तीची साक्ष काय आहे. रमाबाईंच्या पुस्तकाने पहिल्या दोन भागांचे समाधान केले. माईसाहेबांचे पुस्तक मुख्यतः तिसऱ्या भागाला उत्तर देते.

रमाबाई रानडे

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे नमून अल्पवयीन कुमारिकेशी लग्न केले, म्हणून सुधारकांनी आणि सुधारणेच्या विरोधकांनीही त्यांना दोष दिला. रमाबाईंनी हा प्रसंग टाळलेला नाही. वडील आणि मुलगा यांच्यातला पेच त्यांनी सविस्तर मांडला आहे. त्या स्वतः तेव्हा लहान होत्या आणि बोलणी चालली तेव्हा त्या घरात नव्हत्या, त्यामुळे या भागाचा आधार सासरी नंतर कानावर आलेली हकिगत हा आहे.

पुस्तकाचा गाभा त्यानंतरच्या संसारात आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीला अक्षरओळखही नव्हती. पतीने तिला मराठी लिहा-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही. घरातल्या सावत्र सासू, विधवा नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण पसंत नव्हते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांची व्याख्याने सुरू झाली आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्यावर घरातला विरोध टोमण्यांवरून अबोल्यावर आणि विटाळापर्यंत गेला. पतीचा शब्द मोडायचा नाही आणि सासरच्या बायकांनाही उलट बोलायचे नाही, अशा दुहेरी बंधनात शिकणाऱ्या मुलीची रोजची कसरत या पानांत दिसते. स्त्रीशिक्षणाची चळवळ ठरावांतून आणि अर्जांतून अभ्यासता येते, पण तिची किंमत स्वयंपाकघरात कोण चुकवत होते, हे कळायला असेच पुस्तक लागते.

रानड्यांच्या सवयींची नोंदही तपशीलवार आहे. आवडत्या आंब्याच्या दोन-तीन फोडी खाऊन थांबण्याचा त्यांचा संयम, रात्री तळपायांना तूप चोळून घेताना चाललेले अभंग, दौऱ्यांवरचा दिनक्रम असे प्रसंग पुढच्या चरित्रकारांनी आणि पाठ्यपुस्तकांनी उचलले. न्यायमूर्ती रानडे यांची जी घरगुती प्रतिमा आज परिचित आहे, ती बहुतांशी या एका पुस्तकाची देणगी आहे.

पुस्तकाचा सूर आदराचा असला तरी मतभेदाची जागा त्यात आहे. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये ऑक्टोबर १८९०मध्ये झालेल्या समारंभात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक वर्गात नाराजी पसरली. स्नेह्यांची अडचण दूर व्हावी हे त्यामागचे कारण रमाबाई सांगतात, आणि हा निर्णय आपल्याला रुचला नव्हता हेही लपवत नाहीत. पतीच्या सार्वजनिक भूमिकेबद्दल पत्नीचे स्वतंत्र मत छापून येणे ही १९१० साली किरकोळ गोष्ट नव्हती.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. पुस्तकही तेथेच संपते. ते प्रसिद्ध झाले तेव्हा रमाबाई पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे करत होत्या. १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती संस्था वाढवली, मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढा दिला. यांपैकी काहीही आठवणींत नाही. रानड्यांची धर्मपर व्याख्याने आणि १९१५ सालचा त्यांच्या संकीर्ण इंग्रजी लेखनाचा संग्रह रमाबाईंनीच प्रसिद्ध केला. त्यामुळे आठवणींचे पुस्तक हे पतीचा वारसा जपण्याच्या मोठ्या कामाचा एक भाग ठरते. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. रानड्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या नेत्याने ती लिहिल्यामुळे पुस्तकाला घरगुती आठवणींपलीकडचे वजन मिळाले.

पुस्तकाचा पुढचा प्रवास वाचकांचे लक्ष कसे बदलत गेले ते दाखवतो. १९३८ साली कॅथरिन गेट्स यांनी केलेले इंग्रजी रूपांतर ‘हिमसेल्फ’ या नावाने न्यूयॉर्कहून निघाले. १९६३मध्ये कुसुमावती देशपांडे यांचा इंग्रजी अनुवाद आला, त्याच्या शीर्षकात नाव रानड्यांचेच होते. २०१२ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेत मात्र नायिका रमाबाई होत्या आणि रानडे त्यांच्या जडणघडणीतले प्रमुख पात्र होते. साधने तीच होती, मध्यभागी बसलेली व्यक्ती बदलली होती.

यशोदाबाई जोशी आणि उषाताई डांगे

यशोदाबाई जोशी यांचे ‘आमचा जीवनप्रवास’ १९६५ साली प्रसिद्ध झाले. वऱ्हाडातील सुधारक घराण्याचा संसार आणि अमरावतीचे सार्वजनिक जीवन हा त्याचा विषय आहे. पुण्याबाहेरच्या नेमस्त राजकारणाची घरातली बाजू सांगणारे हे पुस्तक अभ्यासकांच्या उपयोगी पडले, पण सर्वसाधारण वाचकांत रमाबाईंच्या पुस्तकाइतके पोचले नाही. नेत्याचे नाव जनमानसातून ओसरले की पत्नीच्या आठवणींचा वाचकही कमी होतो, याचे हे उदाहरण.

उषाताई डांगे यांच्या ‘पण ऐकतं कोण?’ या १९७० सालच्या आत्मकथनात चित्र पालटते. त्या बालविधवा होत्या, परिचारिकेचे शिक्षण घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या आणि १९२८ साली त्यांनी डांगे यांच्याशी लग्न केले. त्याच वर्षी मुंबईतील कापड गिरण्यांचा दीर्घ संप झाला आणि गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे यांना अटक झाली आणि १९३५पर्यंतचा बराच काळ ते तुरुंगात होते. उषाताई या काळात केवळ वाट पाहत बसल्या नाहीत. गिरणगावातल्या स्त्री कामगारांना संघटित करणाऱ्या कार्यकर्त्यांत त्यांचे नाव आघाडीवर होते.

त्यामुळे त्यांच्या पुस्तकात निवेदकाची जागा वेगळी आहे. रमाबाई पतीच्या कार्याच्या साक्षीदार आहेत. उषाताई चळवळीत स्वतः भाग घेणाऱ्या आहेत, आणि म्हणून पक्षातल्या पुरुषांकडे, पतीकडे आणि पुढाऱ्याच्या संसारातल्या ओढाताणीकडे त्या कार्यकर्तीच्या नजरेने पाहतात. पैशाची चणचण, तान्हे मूल, पोलिसांचा ससेमिरा आणि सभा यांची सांगड कशी घातली जात होती, हे कामगार चळवळीच्या छापील इतिहासात क्वचित येते.

माईसाहेब आंबेडकर

‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे पुस्तक १९९० साली आले, बाबासाहेबांच्या निधनानंतर तब्बल चौतीस वर्षांनी. या विलंबातच त्याचे स्वरूप दडलेले आहे. पूर्वाश्रमीच्या डॉ. शारदा कबीर सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टर. मधुमेह आणि इतर विकारांनी त्रस्त असलेले बाबासाहेब डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे उपचारासाठी येत, आणि शारदा कबीर मालवणकरांच्या सहकारी होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा नोंदणी विवाह झाला. घटनेच्या मसुद्याचे काम, हिंदू कोड बिल, मंत्रिपदाचा राजीनामा, १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची धम्मदीक्षा, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चे लेखन हा सगळा काळ त्यांनी पत्नी आणि डॉक्टर म्हणून जवळून पाहिला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्यावर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी संशय मिटला नाही आणि त्या दीर्घकाळ चळवळीपासून दूर पडल्या. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ या तारखेची एक प्रस्तावना लिहिली होती. आपले आयुष्य वाढवण्याचे श्रेय तीत त्यांनी पत्नी आणि डॉ. मालवणकर यांना दिले होते. १९५७ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. माईसाहेबांच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत बळकट कागद अनेक वर्षे सामान्य वाचकापुढे नव्हता.

पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. अभ्यासक विजय सुरवाडे यांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या आठवणींत औषधोपचार, पथ्ये, पत्रव्यवहार, भेटीगाठी आणि तारखा यांवर मोठा भर आहे. रमाबाई प्रसंग रंगवून सांगतात. माईसाहेब पुरावा मांडतात. १९९० हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या पर्वाचे आणि त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आल्याचे वर्ष. तो सन्मान माईसाहेबांनी स्वीकारला. त्याच वर्षी सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ही गाजले. एका लोकप्रिय लेखकाच्या पत्नीने सहजीवनाचा हिशेब उघडपणे मांडल्यामुळे प्रसिद्ध पुरुषांच्या पत्नींच्या लेखनाकडून वाचकांच्या अपेक्षा बदलल्या होत्या. माईसाहेबांचे निधन २००३ साली झाले. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२२मध्ये आला आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना ही साक्ष प्रथमच सहज उपलब्ध झाली.

ज्यांनी लिहिले नाही

लिहिणाऱ्या पत्नींची संख्या न लिहिणाऱ्यांपुढे अगदी थोडी आहे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ साली सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या बाजूची हकिगत इतरांच्या आठवणींतूनच गोळा करावी लागते. बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाबाई आंबेडकर १९३५ साली वारल्या. त्यांच्यावर विपुल गीते आणि चरित्रे आहेत, पण त्यांचे स्वतःचे आत्मकथन नाही. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई १९४२च्या आंदोलनानंतरच्या धामधुमीत तुरुंगात जाऊन आल्या. त्यांची ओळख वाचकाला होते ती यशवंतरावांच्या ‘कृष्णाकाठ’मधून, आणि तो ग्रंथ १९४६च्या आसपास थांबतो.

याची कारणे सामाजिक आहेत. अनेकींना शिक्षण मिळाले नाही. ज्यांना मिळाले त्यांना लिहायला निवांतपणा नव्हता. पतीविषयी लिहिणे म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे, असा समज खोल रुजलेला होता. शिवाय राजकीय पक्षांना आणि अनुयायांना आपल्या नेत्याची घडवलेली प्रतिमा हलू द्यायची नसते. ज्या चौघींनी लिहिले त्यांच्यापैकी प्रत्येकीजवळ या अडथळ्यांवर मात करणारे काही ना काही बळ होते: रमाबाईंजवळ पतीनेच दिलेले शिक्षण आणि गोखल्यांसारख्यांचा पाठिंबा, यशोदाबाईंजवळ सुधारक घराणे, उषाताईंजवळ चळवळ आणि माईसाहेबांजवळ वैद्यकीय शिक्षण.

इतिहासाचे साधन म्हणून

अभ्यासक या पुस्तकांचा उपयोग करताना काही पथ्ये पाळतात. बहुतेक आठवणी घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या असतात, त्यामुळे तारखा आणि संवाद समकालीन वर्तमानपत्रे, पत्रे आणि सरकारी कागदांशी ताडून घ्यावे लागतात. प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांत फरक करावा लागतो. पतीची बाजू राखण्याचा किंवा स्वतःवरचा आरोप खोडण्याचा हेतू असेल तर काय गाळले गेले, याचाही विचार करावा लागतो. रमाबाईंच्या पुस्तकात नसलेले सेवासदन हे अशा गाळण्याचे ठळक उदाहरण.

उलट काही बाबतींत या आठवणींना दुसरे साधन नाही. घरात कोण कोणाशी बोलत नव्हते, सोवळ्या-ओवळ्याचे नियम कधी सैल झाले, पाहुण्यांच्या पंगती कोण सांभाळत होते, आजारपणात निर्णय कोण घेत होते, याची नोंद दफ्तरांत राहत नाही. उमा चक्रवर्ती यांनी पंडिता रमाबाईंच्या काळावरील १९९८ सालच्या ग्रंथात स्त्रियांच्या अशा लेखनाचा आधार घेऊन एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातले वैवाहिक जीवन आणि जातिव्यवस्था यांची मांडणी केली. चरित्राला पूरक म्हणून वाचल्या जाणाऱ्या आठवणी अशा रीतीने सामाजिक इतिहासाचे मुख्य साधन बनल्या.

सारांश, नेत्यांच्या पत्नींच्या आठवणींबद्दलचे मराठी कुतूहल तीन टप्प्यांतून गेले आहे. आरंभी त्या थोर पुरुषाच्या चरित्राचे साहित्य म्हणून वाचल्या गेल्या. नंतर त्याच्या तत्त्वांची घरात झालेली परीक्षा म्हणून, आणि अलीकडे लिहिणाऱ्या स्त्रीचे स्वतंत्र आयुष्य म्हणून. आधीची वाचने नवीन वाचनाने पुसली गेलेली नाहीत. रानडे, डांगे किंवा आंबेडकर समजून घेणाऱ्याला ही पुस्तके आजही लागतात, आणि रमाबाई, उषाताई व माईसाहेब समजून घेण्यासाठी तर तीच पहिली साधने आहेत.